तवी खलफान फाटा

दुबईला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारतात. सोनं खरंच स्वस्त आहे का, आणि उकाडा सोसवतो का. मी दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा हिवाळ्यात, आणि सोन्याच्या बाजारातून हात हलवत परतले, त्यामुळे दोन्हींचं उत्तर माझ्याकडे नाही. मला सांगायचंय ते एका फाट्याविषयी. दुबईहून पूर्वेला, डोंगरांच्या दिशेने दीडेक तास गेलं की तो लागायचा. नकाशात तो तेव्हाही शोधावा लागे. आता शोधून तिथवर गेलात तरी फारसं काही दिसणार नाही.

मी जंक्शनच्या गावची. कुर्डुवाडीला वडील रेल्वेत होते. मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसणाऱ्या लोकांवर आमचं अर्धं गाव जगायचं. हमाल, चहावाले, पुरीभाजीवाले, रात्रीपुरती खोली देणारे, सगळेच. मी शाळेतून निवृत्त झाले त्या सुमाराला छोट्या गाडीचे रूळ काढून मोठे टाकायचं काम सुरू झालं. लोक म्हणत, आता गाडी बदलायला नको, केवढी सोय झाली. सोय झालीच. पण स्टेशनबाहेरची दुकानं एकेक करून फळ्या लावू लागली. माझा धाकटा भाऊ विनायक याच गावात वाढला, रस्त्यांचा इंजिनिअर झाला आणि एक्याण्णव साली आखातात गेला. त्याच्या आग्रहाने मी दोन हजार एकच्या डिसेंबरात पहिल्यांदा विमानात बसले.

करामा

विनायकचं घर करामा भागात होतं. खाली उडुप्याचं हॉटेल, शेजारी कढीपत्ता आणि ओलं खोबरं विकणारा मलबारी, आणि वरच्या मजल्यावर पुण्याचं एक कुटुंब. पहिल्या दिवशी मला परदेशी आल्यासारखं वाटलंच नाही. माझी सहा वर्षांची भाची ऋचा मात्र प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची. "भूक लागली का गं?" विचारलं की "नॉट रिअली, आत्या." विनायकची बायको, मेधा, बँकेत होती. तिने माझ्यासाठी बेत आखून ठेवले होते. खाडीवरची होडी, मॉल, वाळूच्या टेकड्यांवरची जीप, सगळं ठरलेलं.

दुसऱ्या शुक्रवारी सकाळी विनायक अचानक म्हणाला, "ताई, तुला एक गाव दाखवतो."

"तवी खलफान?" मेधाने कपाळाला हात लावला. "अरे, तिथे काय आहे बघायला? धूळ आणि ट्रक. ताईंना त्या डोंगरापलीकडच्या समुद्रावर ने."

"समुद्र कुठे पळून जात नाही," विनायक म्हणाला. त्याच्या बोलण्याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही.

मेधा घरी राहिली. ऋचा, विनायक आणि मी निघालो. शहर संपलं, गोदामांची एक लांबलचक रांग संपली, आणि मग वाळू सुरू झाली. मला वाटायचं वाळवंट म्हणजे सगळीकडे एकच पिवळा रंग. तसं नसतं. आधी पांढरट, मग गव्हाळ, आणि डोंगर जवळ येतात तशी ती भाजलेल्या विटेसारखी तांबडी होत जाते. मध्येच काटेरी झाडं, आणि त्यांच्या शेंड्यांकडे मान उंचावून उभे असलेले उंट. ऋचाला फोटो हवा होता, म्हणून विनायकने गाडी रस्त्याखाली घेतली आणि मागची चाकं आत गेली. जितका जोर लावावा तितकी ती खाली बसत होती.

थोड्या वेळाने एक जुनाट पिकअप येऊन थांबली. मागे चार बकऱ्या. आतून पांढरा झगा घातलेला, किडकिडीत, पांढऱ्या दाढीचा म्हातारा उतरला. त्याने गाडीकडे पाहिलं, विनायककडे पाहिलं आणि हसत सुटला.

"मुहंदिस! रोड बनाता है, रोड पे गाडी चलाना नहीं आता?"

मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. म्हातारा विनायकच्या चांगल्या ओळखीचा होता. त्याचं नाव सालेम. त्याने पिकअपला दोर बांधून आम्हाला बाहेर ओढलं आणि बकऱ्यांसकट पुढे निघून गेला. हिंदी तो मुंबईला शिकला होता. लहानपणी वडिलांबरोबर खजूर घेऊन गलबतातून जायचा, हे पुढे त्यानेच सांगितलं.

चौक, दवार, फाटा

तवी म्हणजे तिकडच्या बोलीत विहीर. खलफान हे सालेमच्या आजोबांचं नाव. पण जागेला तीन नावं होती. अरब लोक नुसतंच 'दवार' म्हणत, म्हणजे गोल चौक. पठाण ट्रकवाले 'चौक' म्हणत. आणि जिथे आम्ही थांबलो त्या कॅफेटेरियाचा मालक म्हणाला, "आम्ही फाटाच म्हणतो हो ताई. आमच्या राजापूरला असाच फाटा हाय."

हे हसनभाई. पन्नाशीचे, जाडसर, मिशी काळी केलेली. विनायकला पाहताच ते गल्ल्यावरून उठले आणि त्याला छातीशी धरलं. एक्याण्णव ते चौऱ्याण्णव अशी तीन वर्षं विनायकने इथे पत्र्याच्या केबिनमध्ये काढली होती. दोन बाजूंचा रस्ता रुंद करायचं आणि मधला गोल चौक बांधायचं काम त्याच्याकडे होतं. तेव्हा लग्न व्हायचं होतं. ताप आला की हसनभाई पेज घेऊन केबिनमध्ये यायचे, आणि ईदला त्याच्यासाठी वेगळ्या भांड्यात शाकाहारी बिर्याणी व्हायची.

चौकाभोवती गाव म्हणावं एवढं होतं. पेट्रोल पंप, मशीद, दोन किराणा दुकानं, पंक्चरवाल्या पठाणाचं खोपटं, बकऱ्यांच्या चाऱ्याचे ढीग, शिंपी, न्हावी. डोंगरातल्या खाणींतून दगड आणणारे ट्रक इथे वळत. समुद्रावरून मासळी आणणारे इथे बर्फ बदलत. शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, शहरातली कुटुंबं समुद्रावर जाताना इथे चहाला थांबत. आम्ही बसलो होतो तेवढ्यातही गाड्या हॉर्न मारून उभ्या राहत होत्या. आतून पोऱ्यांनी कागदी पेल्यांचे ट्रे घेऊन धावायचं आणि खिडकीतून चहा द्यायचा. गाडीतून न उतरता चहा पिणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. आपल्याकडे फाट्यावर थांबलं की उतरून, पाय मोकळे करून, दोन शिव्या रस्त्याला दिल्याशिवाय चहा उतरत नाही.

मी मासे खात नाही म्हटल्यावर हसनभाई स्वतः आत गेले आणि तांदळाची भाकरी थापून घेऊन आले. बरोबर कुळथाचं पिठलं. वाळवंटात कुळीथ!

"दर सुट्टीत घरून आणतो," ते म्हणाले. "खातीजा बांधून देते."

खातीजा त्यांची बायको. लग्न झालं आणि वर्षाच्या आत हसनभाई इकडे आले. तेव्हापासून दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांची सुट्टी, एवढाच संसार. मुली राजापुरातच वाढल्या, तिथेच त्यांची लग्नं झाली. जेवण झाल्यावर त्यांनी मला दुकानाच्या मागे नेलं. ऋचाही आली. तिथे एक नवीन खोली बांधून होत आली होती. फरशी बसलेली, भिंतींना फिकट हिरवा रंग, कोपऱ्यात छोटा ओटा, आणि चौकाकडे उघडणारी मोठी खिडकी.

"अरबाबनी सही दिलीय व्हिसाला," ते म्हणाले. अरबाब म्हणजे दुकानाचा स्थानिक मालक, आणि इथे तो सालेमच होता. "इन्शाल्ला, ईदनंतर खातीजा येईल. तिला गर्दी आवडते. म्हणून खिडकी या बाजूला ठेवलीय. इथे बसली की चारही रस्ते दिसतात."

मी खूप छान आहे म्हटलं. मागे वळून पाहिलं तर विनायक दारातच उभा होता. तो आत आला नाही.

परतताना

ऋचा मागच्या सीटवर झोपली तेव्हा विनायक बोलला.

"ताई, नवा हायवे होतोय. शहरातून थेट डोंगरापलीकडच्या समुद्रापर्यंत. मी त्याच टीममध्ये आहे."

"बरं मग?"

"तो इथून जात नाही. बराच उत्तरेकडून जातो. डोंगर तिकडे कापायला सोपा आहे."

"पण एखादा फाटा तर काढाल इथे यायला?"

"मी मागितला होता. दोन मीटिंगमध्ये मांडला. म्हणाले, तिथे आहे कोण? जाहीर होईपर्यंत बाहेर बोलायची परवानगी नाही. नोकरीवर येईल. आणि हा माणूस खोली बांधतोय."

माझ्या डोळ्यांसमोर आमच्या स्टेशनबाहेरचे लोक होते. त्यांना निदान रूळ उखडताना दिसत होते.

"तू सांग त्यांना," मी म्हटलं.

"तुला ते सोपं वाटतं."

"नाही वाटत. तरी सांग."

रात्री मेधाने विचारलं, कसं होतं गाव? मी म्हटलं, पिठलं फार छान होतं.

सालेमची विहीर

पुढच्या शुक्रवारी सालेमने आम्हाला त्याच्या शेतावर बोलावलं. शेत म्हणजे खजुराची झाडं, गवताचा एक हिरवा तुकडा आणि पंपाची धडधड. चटईवर बसलो. पितळी किटलीतून वेलचीची पिवळसर कडवट कॉफी आली. बोटभर उंचीच्या कपात, आणि कप हलवून 'पुरे' सांगेपर्यंत पुन्हा पुन्हा ओतली जाणारी. मला ते माहीत नव्हतं. आदर म्हणून मी प्रत्येक वेळी पीत गेले, आणि सालेम ओततच राहिला. शेवटी हसनभाईंनी माझा कप हातात घेऊन हलवून दाखवला. सगळे हसले, मीही.

गावाचा इतिहास मी तिथे ऐकला. सालेमचे आजोबा खलफान बकऱ्या चारायचे. एका जागी काटेरी झाडं जास्त हिरवी दिसली म्हणून त्यांनी भावांबरोबर खणायला सुरुवात केली. पाणी खूप खोल लागलं, पण गोडं लागलं. मग डोंगरातली माणसं मध आणि कोळसा घेऊन उतरू लागली, किनाऱ्यावरची सुकी मासळी घेऊन चढू लागली, आणि दोघांचे उंट त्या एकाच विहिरीवर थांबू लागले. वाटा आपोआप तिथे मिळाल्या. दोन टोळ्यांचं वैर असलं तरी विहिरीजवळ कुणी बंदूक काढायची नाही असा नियम होता. सालेमच्या आईवडिलांचं लग्नही तिथेच ठरलं. ती डोंगरातली, तो वाळूतला.

मग मोटारी आल्या. उंटांच्या वाटेवरूनच त्या चालत, कारण पाणी त्यांनाही लागायचं. मग डांबर आलं, तेही त्याच वाटेवरून. पंप आला, दुकानं आली. हसनभाई आले ते एका ट्रकवर क्लीनर म्हणून. ट्रक इथे बिघडला आणि ते राहिलेच.

"और फिर ये आया," सालेमने विनायककडे बोट केलं. "मेरा कुआँ बंद किया."

चौक जिथे बांधायचा होता तिथे बरोबर मध्ये विहीर होती. वाटाच तिथे मिळत होत्या, चौक दुसरीकडे होणार कसा? विहीर भरून टाका असा हुकूम होता. सालेम तीन दिवस तिच्या काठावर बसून राहिला. शेवटी विनायकने भराव न टाकता वर सिमेंटची लादी घातली आणि तिच्यावर माती टाकून फुलझाडं लावली.

"पानी अभी भी है नीचे," सालेम म्हणाला. त्याला या गोष्टीचा राग नव्हता, उलट मजा वाटत होती. मग त्याने कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "मुहंदिस, सब बोलता है नया रोड आता है. कोई बोलता है इधर से, कोई बोलता है उधर से. तुम बोलो. इधर से आता है कि नहीं?"

हसनभाई खजुराची बी काढत होते. ते थांबले.

मी विनायककडे पाहिलं. लहानपणी खोटं बोलायचं असलं की तो कान खाजवायचा. त्याचा हात वर गेला नाही.

"नहीं आता," तो म्हणाला. "बहोत दूर से जाता है. इधर एक्झिट भी नहीं है. मैंने बोला था. नहीं माना."

पंप धडधडत होता. सालेमने मान हलवली. "खलास," एवढंच म्हणाला, आणि उठून बकऱ्यांकडे गेला. त्याची पाठ आमच्याकडे होती.

हसनभाई मराठीत म्हणाले, "विनूसाहेब, किती दिवस आहेत?"

"दीड वर्ष. फार तर दोन."

"मग गाड्या येणारच नाहीत?"

"शेतावरचे लोक येतील. खाणीचे थोडे ट्रक. पण शुक्रवारच्या गाड्या, मासळीवाले..."

"मला आधी का नाय सांगितलंत?"

मी मध्ये पडले. म्हटलं, "हसनभाई, त्याला परवानगी नव्हती. आजही नाही." मग मला राहवलं नाही. "वहिनींच्या व्हिसाचं काय करणार?"

मला वाटलं ते म्हणतील, रद्द करतो. कोणीही हेच म्हटलं असतं.

"आता तर बोलवलीच पाहिजे, ताई," ते म्हणाले. "दोन वर्षांनी काय दाखवणार? पंचवीस वर्षं मी कुठे होतो ते तिला कळायला नको?"

दुसरी खेप

दोन हजार चारच्या जानेवारीत मी पुन्हा गेले. नवा हायवे सुरू होऊन तेव्हा सहाएक महिने झाले होते. ऋचा उंच झाली होती आणि आता गाडीत कानात वायरी घालून बसायची. मेधाही या वेळी बरोबर आली. रस्ता खरोखर देखणा होता. दोन्ही बाजूंना कुंपण, डोंगर कापून सरळ काढलेला, गाडी पाण्यावरून गेल्यासारखी जाते. विनायक तो दाखवत होता, पण वडील जसे परीक्षेत नापास झालेल्या मुलाची ओळख करून देतील, तसा.

तवी खलफानला जायला आम्हाला बरंच पुढे जाऊन, वळून, जुन्या रस्त्याने मागे यावं लागलं. जुन्या डांबरावर ठिकठिकाणी वाळू चढली होती. पेट्रोल पंपाच्या नळ्या काढून नेल्या होत्या. पठाणाच्या खोपटाची चौकट तेवढी उभी होती. न्हावी गेला होता, शिंपी गेला होता. चौकातल्या फुलझाडांना पाणी घालणारं कोणी नव्हतं, त्यामुळे ती वाळून काड्या झाली होती. मशीद मात्र झाडलोट केलेली दिसली.

कॅफेटेरियाचं शटर अर्धं वर होतं. आत तीन बंगाली शेतमजूर जेवत होते. हसनभाईंनी मिशी काळी करणं सोडलं होतं. त्यांनी विनायकला पूर्वीसारखंच छातीशी धरलं. तो सोडायला तयार होईना, तेव्हा त्यांनीच पाठीवर थोपटून त्याला बाजूला केलं.

"खातीजा, बघ कोण आलंय."

ती आतून आली. बुटकी, गोरी, डोक्यावरून पदरासारखी ओढणी, हाताला पीठ. माझा हात धरून तिने मला मागच्या खोलीत नेलं. खिडकीला तिने निळा पडदा लावला होता. खाली उशी टाकलेली.

"इथे बसायचे मी दिवसभर," ती म्हणाली. "आले तेव्हा काय गर्दी! रात्री ट्रकांच्या दिव्यांनी झोप यायची नाय. मी ह्यांना म्हटलं, तुमी एवढी वर्षं एकटे होतात असं मला वाटायचं, एकटे कुठे होतात? मग नवीन रस्ता सुरू झाला. त्या आठवड्यात मला वाटलं, कसला तरी बंद असेल. ह्यांना विचारलं, आज काय झालंय? हे काय बोलले नाय."

"मग? नकोसं झालं का?"

ती हसली. "दुकान चालायचं तेव्हा हे मला दिसायचेच नाय. गल्ल्यावर नाय तर भटारखान्यात. गिऱ्हाईक गेल्यावर इथे येऊन बसायला लागले." मग म्हणाली, "पण बसून करतात काय? रस्त्याकडे बघतात. गाडीचा आवाज आला की अजून उठतात."

पुढच्या महिन्यात ते दोघं कायमचे राजापूरला जाणार होते. सालेमने जागेचं भाडं घेणं कधीच बंद केलं होतं, पण दुकान चालवण्यात काही उरलं नव्हतं. सालेम स्वतः मुलाकडे शहरात राहायला गेला होता आणि दर शुक्रवारी येऊन बकऱ्या बघून जात होता.

निघताना खातीजाने विनायकला विचारलं, "तो रस्ता तुमीच केलात ना?"

"हो, वहिनी."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. "चांगला झालाय म्हणतात. आमी नाय गेलो अजून त्याच्यावरून. आता विमानाला जाताना जाऊ."

"मी येईन न्यायला," विनायक म्हणाला.

मी तोवर कुर्डुवाडीला परतले होते. पुढचं विनायकने फोनवर सांगितलं. तो पहाटे त्यांना घ्यायला गेला. सामान थोडंच होतं. हसनभाईंनी शटर ओढलं, कुलूप न लावताच किल्ली सालेमच्या हातात दिली. म्हातारा त्यांना निरोप द्यायला मुद्दाम शहरातून आला होता. गाडी हायवेला लागली. खातीजा पुढे बसली होती, तिला सगळं बघायचं होतं. बरंच अंतर गेल्यावर, डाव्या हाताला, वाळूच्या टेकड्यांपलीकडे मशिदीचा मिनार बोटाएवढा दिसला.

"विनूसाहेब," हसनभाई मागून म्हणाले, "जरा थांबवा ना. तिला इथून दाखवतो."

विनायकने वेग कमी केला. पण कडेला कठडा होता आणि कठड्याला लागून रस्ता. उभं राहायला हातभरही जागा सोडलेली नव्हती.

"इथे थांबता येत नाही, हसनभाई."

मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला. "असू दे, असू दे," हसनभाई म्हणाले, आणि विनायकने गाडी पुढे नेली.